समाधान कोणाचे आणि कशाचे?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) तमिळनाडूतील १५ ते ४९ या वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी ५७.८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण आहे ०.१ टक्के. महाराष्ट्राने यावर नाक मुरडू नये. तेथील आकडे अनुक्रमे ४९.१ आणि ०.४ असे आहेत. तमिळनाडूचा एकूण जननदर १.८ पर्यंत उतरला, म्हणून हे राज्य कुटुंब नियोजनाचा आदर्श ठरते. तो उतरविण्याचा भार कोणाच्या शरीराने वाहिला, हा प्रश्न मात्र आढावा बैठकांत मी फारसा ऐकला नाही.

तंजावूरमध्ये हा प्रश्न अधिकच जाणवतो, कारण येथे स्त्रियांच्या आरोग्याची सार्वजनिक काळजी नवी नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटाला लिहिलेल्या पत्रात तंजावूरच्या छत्रांचे वर्णन आहे. त्यात वाटसरूंच्या अन्नाबरोबरच आजाऱ्यांचे औषधपाणी आणि वाटेत अडलेल्या गर्भवतींची देखभाल हेही छत्राचे कर्तव्य मानलेले दिसते. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटते : तेथे आलेल्या स्त्रीकडून राज्याला काहीही साधून घ्यायचे नव्हते.

कुटुंब नियोजनाची गोष्ट वेगळी आहे. १९५१च्या जनगणनेचे आयुक्त आर. ए. गोपालस्वामी पुढे मद्रास राज्याचे मुख्य सचिव झाले आणि नसबंदीचे खंदे पुरस्कर्ते ठरले. तेव्हापासून या सेवेला दोन धनी आहेत, येणारी स्त्री आणि आकडा मागणारे सरकार. केंद्राने १९९६ मध्ये उद्दिष्टे रद्द केली; ती 'अपेक्षित साध्य पातळी' या सोज्ज्वळ नावाने परतली. नाव बदलले की फाईल बदलते, अशी आमच्या सेवेची जुनी श्रद्धा आहे.

अशा व्यवस्थेत 'सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?' या प्रश्नाला अर्थ किती? भातलावणीची मजुरी बुडवून प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या बाईला डॉक्टर जागेवर भेटले, पैसे पडले नाहीत, कोणी खेकसले नाही, एवढ्याने ती 'बरे होते' म्हणते. तिची अपेक्षाच तेवढी असते. शिवाय प्रश्न विचारला जातो केंद्राच्या दारात, बहुधा परिचारिकेच्या देखत. बाळंतपणासाठी तिला पुन्हा तेथेच यायचे आहे. ती तक्रार कशाला करील?

ज्युडिथ ब्रूस यांनी १९९० मध्ये या सेवांच्या गुणवत्तेची सहा अंगे मांडली. साधनांची निवड, पुरेशी माहिती, सेवा देणाऱ्यांचे कौशल्य, त्यांची वागणूक, नंतरचा पाठपुरावा आणि सोयीची मांडणी ही ती अंगे. यांतील वागणूक आणि सोय दारातल्या उत्तरात उमटतात. निवड व माहिती उमटत नाहीत, कारण जे साधन कधी दाखवलेच नाही त्याची उणीव भासत नाही. वरील पाहणीतच साधन वापरणाऱ्या स्त्रियांपैकी देशभरात ६२.४ टक्के स्त्रियांनाच त्याच्या दुष्परिणामांची माहिती दिली गेली होती. म्हणजे तिघींपैकी एकीहून अधिक स्त्रियांना काहीच सांगितलेले नव्हते.

बिलासपूरला नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात शस्त्रक्रिया झालेल्या ८३ स्त्रियांपैकी अनेकींची प्रकृती बिघडली आणि त्यांतील अनेकजणी दगावल्या, तेव्हा देश हादरला. २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत शिबिरे बंद करण्यास सांगितले. तमिळनाडूतील रुग्णालये या मानाने कितीतरी सुरक्षित, हे निर्विवाद. पण सुरक्षितता म्हणजे निवड नव्हे. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसविणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकते. मात्र प्रसूतिवेदनांत घेतलेल्या होकाराला संमती म्हणणे मला जड जाते. गरोदरपणाच्या तपासणीला ती अनेकदा येते, तेव्हाच हे बोलणे व्हायला हवे आणि शक्यतो नवऱ्यासमोर, बिनटाक्याच्या पुरुष नसबंदीचा उल्लेख करून.

समाधान मोजायचेच असेल, तर तीन महिन्यांनी, केंद्राबाहेरच्या माणसाने घरी जाऊन विचारावे. पहिला प्रश्न असा असावा : तांबी काढून द्या, असे तुम्ही म्हणालात तेव्हा ती काढली, की समजूत घालून परत पाठवले?