दुखणे वर्षभराचे, शिबिर एका दिवसाचे

बालाघाट या शब्दाचा अर्थ घाटावरचा मुलूख. १८६७ पासून भंडारा, मंडला व सिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा घडविण्यात आला. परंतु जिल्ह्याचे ठाणे वसले घाटाखाली, आणि नावाप्रमाणे खरोखर घाटावर राहिले ते आपले बैहर. भूगोलाचे हे कौतुक सांगण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. वरच्या माणसास मोठी तपासणी हवी असो वा सरकारी दाखला, त्याला घाट उतरावा लागतो. सुमारे सत्तर किलोमीटरांचा हा रस्ता आपण मालाच्या गाडीतून दोन तासांत काटतो. ज्याच्या सांध्यांत कळा येत आहेत त्याच्यासाठी तोच रस्ता फार लांबचा होतो.

आमच्या गोदामात धानाची पोती वाहणारा एक तरुण होता. कामास वाघ, पण महिन्यातून चार-पाच दिवस त्याचा पत्ता नसे. थंडीत तर आला तरी गुडघे धरून बसून राही. आम्ही त्यास कामचुकार ठरविले. एके वर्षी ऐन हंगामात तो सलग आठवडाभर आला नाही, तेव्हा हिशेब चुकता करून आम्ही त्यास घरी पाठविले. पुढे तपासणीत त्याला सिकलसेलचा आजार असल्याचे निष्पन्न झाले. ही चूक आमची होती, आणि ती येथे लिहिताना आम्हांस संकोच वाटत नाही असे नाही.

सिकल म्हणजे विळा. या रोगात रक्तातील तांबड्या पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जेथे अडकतात तेथे असह्य वेदना उठते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते, म्हणून अंगात रक्त कमी ते कमीच. थंडी, तहान, अतिश्रम, ताप ही वेदना उठण्याची नेहमीची निमित्ते. म्हणजे आमच्या गोदामात पौषातील पहाटे, पाणी न पिता, पोती वाहण्याचे जे काम आम्ही त्याला देत होतो, त्यात ही निमित्ते जवळजवळ सगळी एकत्र आली होती.

वैद्यकशास्त्रात या रोगाचे पहिले वर्णन १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी केले. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ भागातील लोकांत आढळला. आपल्याकडे गोंड व बैगा बांधवांत तो आहेच. पण तो केवळ आदिवासींचा रोग ही समजूत खोटी आहे, विदर्भात इतर अनेक समाजांतही तो आहे. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याची शक्यता चारांत एक. वाहक स्वतः बहुधा धडधाकट असतो, त्यामुळे घरात कोणास शंकाही येत नाही.

उपचार नाहीत असे नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाचे औषध रोज घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात. मात्र त्यासोबत ठराविक मुदतीने रक्ताची तपासणी करावी लागते. १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यात, शहडोल येथे, सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. काम मोठे आहे. परंतु तपासणीचा कागद हाती आल्यावर त्या माणसाचे पुढे काय होते, हे आम्ही जवळून पाहिले.

रुग्णालयाने त्यास दाखल करून घेतले, रक्त दिले, वेदना शमविली आणि पुढची तारीख लिहून घरी पाठविले. रुग्णालयाचे काम तेथे संपले. आयुष्मान योजनेत कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांपुरते. घरी परतल्यावर बुडालेली मजुरी, बसचे भाडे, बायकोने सोबतीसाठी सोडलेले काम यांचा हिशेब त्या कार्डात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने ज्या २१ प्रकारांना मान्यता दिली त्यांत सिकलसेल आहे. तथापि, बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि हे दुखणे आज आहे तर उद्या नाही. वेदनेच्या दिवशी त्या माणसास घाट उतरवत नाही. उतरवतो त्या दिवशी तो पाहणाऱ्यास चांगला धट्टाकट्टा दिसतो. दाखला एका खात्याकडे, औषध दुसऱ्याकडे, शिधा तिसऱ्याकडे. प्रत्येक खात्याचे काम वेगळे. दुखणे मात्र एकाच माणसाचे, आणि या सर्व दारांमधील हेलपाटे घालणारी त्याची बायको, जिला वाचता येत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत सरकारने ही गाठ काही अंशी बांधली आहे. उपचार चालू असेपर्यंत रुग्णास आहारासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये, आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळू लागले. यामागचा विचार झारखंडातील एका अभ्यासाने पुष्ट केला, आणि तो धान्याच्या व्यापाऱ्यांनी तरी मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. तेथे क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ देण्यात आली. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: अशा घरांत क्षयाची नवी लागण ३९ टक्क्यांनी घटली. तांदूळ आणि डाळ! आपण ज्या मालाचा दर रोज विचारतो तोच माल. 'निक्षय मित्र' म्हणून क्षयरुग्णाच्या आहाराचा भार उचलण्याची सोय २०२२ पासून व्यापारी संघटनांनाही खुली आहे. सिकलसेलमध्ये अशी गाठ अद्याप इतकी पक्की नाही. नागपुरात संपत रामटेके यांनी या रुग्णांचे प्रश्न सरकारदरबारी मांडण्यात वर्षे घालविली. २०१८ साली त्यांस पद्मश्री मिळाली.

आपल्या समाजात औषधदानाची परंपरा जुनी आहे, आणि शिबिरे भरविण्यात आपण मागे नाही. मंडप, तपासणी, फळवाटप, छायाचित्र. आम्हीही त्या छायाचित्रांत उभे राहिलेलो आहोत. शिबिराने रोग उघड होतो, हा त्याचा गुण मान्य. परंतु जुनाट दुखण्याचे उरलेले ३६४ दिवस त्यात येत नाहीत. केरळात घरी जाऊन शुश्रूषा करणारी मंडळे उभी राहिली ती दुकानादुकानांत ठेवलेल्या छोट्या पेट्यांतील सुट्या पैशांवर. २००८ साली त्या राज्याने त्यासाठी धोरणही आखले. तेथील पेठेस जे साधले ते आपल्या पेठेस अवघड का असावे? उधारीची तारीख आपण कधी विसरतो काय?

तो तरुण आता पुन्हा आमच्याकडे आहे. पोती वाहत नाही. किराणा मोजून पुड्या बांधतो, आणि कळा येतील त्या दिवशी घरी राहतो. त्या दिवसांची मजुरी कापायची नाही असे ठरले तेव्हा आमच्या बंधूंनी थोडी कुरकुर केली, आणि ती अद्याप पूर्णपणे थांबलेली नाही. काट्याजवळ पाण्याचा माठ ठेवला आहे. आमच्या खातेवहीत त्याच्या नावे एक पान काढले आहे. त्यात रक्कम नाही, केवळ तारखा आहेत: औषध संपण्याची, रक्त तपासणीची, वैद्यकीय मंडळापुढे उभे राहण्याची. दाखल्याचा अर्ज एकदा परत आला. कागद अपुरे होते. दुसऱ्या खेपेस मुनीमजी स्वतः बरोबर गेले, आणि वेदनेच्या दिवसांची आमच्या हजेरीपुस्तकातील नोंद घेऊन गेले. ज्या गैरहजेरीवरून आम्ही त्यास काढले होते, तीच ही नोंद. निर्णय अजून व्हावयाचा आहे.

पुढची तारीख येत्या मंगळवारची आहे. त्या दिवशी आमची गाडी मालासाठी गोंदियास जाणार असून, बालाघाटपर्यंत दोन माणसांची जागा तीत राखून ठेवली आहे.