आढे अजून शाबूत आहे

कल्याणला पारनाक्यापाशी आमचे जुने कौलारू घर आहे. गेल्या वैशाखात त्याचे कुजलेले छप्पर उतरवावे लागले, तेव्हा छपराबरोबर घरही उतरवावे की काय, असा प्रश्न निघाला. चुलतभावांचे म्हणणे, वाशांवर पैसे ओतण्यापेक्षा जागा बिल्डरला द्यावी. आसपासचे वाडे एकेक करून गेलेच होते; त्यांना वेडे कसे म्हणावे? पण काकू म्हणाल्या, "आधी सुतार काय म्हणतो ते ऐका, मग घर विका."

सुतार वर चढला आणि हातोडीने वासे ठोकत निघाला. खणखणीत आवाज आला की पुढे सरके, भद्द आला की टोचा खुपसे. बावीस वाशांपैकी नऊ कुजले होते, तेही फक्त भिंतीत गाडलेल्या टोकांशी! मधले लाकूड भिजले तरी वाऱ्याने सुकते, टोकाला वारा मिळत नाही. बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओल लागते, ती तिथे बारमाही. त्यात कुणा गवंड्याने गळती थांबवायला टोकांभोवती सिमेंट थापले होते. पाणी आत राहिले, वारा बाहेर.

आढे मात्र जसेच्या तसे. साग होता तो. शिवाजीमहाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेऊन आरमाराचा पाया इथल्याच खाडीवर घातला. लाकूड पारखण्याची विद्या या गावाला नवी नाही.

कुजका भाग कापून तिरक्या सांध्याने सागाची नवी टोके बोल्टांनी जोडली, त्यांच्याभोवती वाऱ्याला फट ठेवली आणि काजूच्या टरफलांचे तेल चोपडले. (त्या वासाने आठ दिवस जेवण गोड लागले नाही!) कौले दोन्ही पाखांवरून सारखीच उतरवावी लागतात, नाहीतर एका अंगाचा भार छप्पर कलंडवतो. ती मंगलोरी होती. अशी कौले बासेल मिशनने मंगलोरला १८६५ साली करायला घेतली. खाचेत खाच बसते, म्हणून बहुतेक पुन्हा कामी आली.

मिरगाच्या चार दिवस आधी वळीव कोसळला, तेव्हा अर्धे छप्पर ताडपत्रीखाली होते. काकू रात्रभर बादल्या सरकवत बसल्या.

जूनअखेर चुलतभावांनी खर्चाचा तिसरा हिस्सा न मागता आणून दिला. बिल्डरचा कागद कपाटात आहे. त्यावर काकूंची सही अजून झालेली नाही.