गाडी आपली, पण पॉलिसी कोणाची?

अंबरनाथहून बदलापूरकडे निघाले की मध्ये चिखलोली लागते. एमआयडीसीचे कारखाने, नव्या इमारती आणि त्यांतून वाट काढणाऱ्या रिक्षा, टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या. ज्यांच्या वडिलांनी सायकलवरून पाळ्या केल्या त्यांच्या दारात आज चारचाकी उभी आहे. बहुतेक गाड्या जुन्या घेतलेल्या. आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण गाडीबरोबर जे कागद येतात त्यांच्याकडे आपले लोक लग्नपत्रिकेइतकेही लक्ष देत नाहीत, हे सांगितले पाहिजे.

2024 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ओळखीचा एक तरुण, कारखान्यात फिटर, रात्रपाळी संपवून घरी निघाला होता. चिखलोलीजवळ खड्डा चुकवताना टेम्पो घासून गेला. माणसाला खरचटलेही नाही, पण दरवाजा आणि पुढचे मडगार्ड चेपले. टेम्पोवाला म्हणाला, "भाऊ, चूक तुझी आहे, तसे लिहून दे आणि जा." गर्दी जमली होती. पोराने घाबरून सही केली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये पत्रा ठोकून, रंग मारून घेतला आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दारात. "काका, आता विम्याचे पैसे कसे मिळतील?"

आम्ही म्हटले, आधी पॉलिसी आण. त्याच्या बायकोने रेशनकार्डाच्या पिशवीतून ती काढली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवले. "काका, हे नाव तर आधीच्या मालकाचे आहे." आरसी बुक या तरुणाच्या नावावर झाले होते, पॉलिसी मात्र जुन्याच नावावर. क्लेम तिथेच बुडाला. 18,400 रुपये घरातून गेले आणि मुलीच्या शाळेची फी उसनवारीवर भरावी लागली.

हे का झाले ते समजून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 157 प्रमाणे गाडी विकली की तिचा विमा नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. पण हे फक्त थर्ड पार्टीपुरते, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली एका निकालात हे स्पष्ट केले आहे. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी पॉलिसीवर आपलेच नाव हवे. गाडी नावावर झाल्यापासून 14 दिवसांत विमा कंपनीला अर्ज करायचा असतो. एजंट म्हणतो, "बघू, रिन्युअलला करू." बघू नका. कल्याणच्या आरटीओत फॉर्म 29 आणि 30 भरलेत की पुढची फेरी विमा कंपनीकडे.

आणि ती सही! पॉलिसीतच अट छापलेली असते की कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे देतो असेही म्हणायचे नाही. बारीक इंग्रजीत छापलेले कोण वाचतो? घरात शिकलेली मुलगी असेल तर एका रविवारी तिच्याकडून पॉलिसी वाचून घ्या.

धडक झाली तर आधी माणसे पाहा. कोणी जखमी असेल तर दवाखाना आणि पोलीस. पोलिसांना 24 तासांच्या आत कळवणे ड्रायव्हरवर कायद्याने बंधनकारक आहे. फक्त पत्रा चेपला असेल तर दोन्ही गाड्यांचे नंबरप्लेट दिसतील असे फोटो काढा, समोरच्याचा नंबर टिपा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या. सर्वेअर येऊन पाहून जाईपर्यंत गाडीला हातोडा लागू देऊ नका. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरून नुकसान किती झाले ते कोण सांगणार? गॅरेजवाला खुणेने सांगेल, "मागचा जुना डेंटपण यातच घालू." तसे करू नका. गंज चढलेला डेंट सर्वेअरला लगेच ओळखू येतो, आणि मग खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

आता हिशेब. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, हिशेबाशिवाय राहवत नाही. समजा बंपर 4,000 रुपयांचा, मजुरी 1,000, रंगकाम 4,000. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा कापतात, म्हणून बंपरचे मिळणार 2,000. रंगकामाच्या बिलातले 25 टक्के रंगाचे साहित्य धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे 500 गेले. मजुरी पूर्ण. झाले 6,500. त्यातून 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1,000 रुपये स्वतः सोसावे लागतात. हाती 5,500.

दुसरी बाजू पाहा. तीन वर्षे क्लेम केला नाही म्हणून स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 35 टक्के नो क्लेम बोनस मिळतो आहे. हप्त्याचा हा भाग दरसाल 10,000 रुपये धरू. क्लेम न केल्यास पुढच्या वर्षी 45 टक्के आणि नंतर 50 टक्के सूट. क्लेम केला की सूट शून्यावर, मग 20, मग 25. तीन वर्षांत तोटा 4,500, 3,000 आणि 2,500, म्हणजे 10,000. साडेपाच हजारांसाठी दहा हजार! अशा वेळी खिशातून भरलेले बरे. नुकसान तीस-चाळीस हजारांचे असेल तर मात्र क्लेम जरूर करा, तो आपला हक्क आहे.

कंपनीने नाकारले तरी तो शेवटचा शब्द नव्हे. लग्नसराईत खासगी गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, अशा प्रकरणात अटीचा भंग झाला म्हणून सगळा क्लेम बुडवता येणार नाही, नॉन-स्टँडर्ड म्हणून काही रक्कम द्यावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली म्हटले आहे. नकार लेखी मागा. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. पण कंपनीच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जावे लागते.

त्या तरुणाने आता पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घेतली आहे. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, त्यामुळे याची सुरुवात शून्यापासून झाली. जुन्या मालकाने आपला बोनस नव्या गाडीवर नेला. पॉलिसीची एक प्रत त्याच्या बायकोने रेशनकार्डाच्या पिशवीत आणि दुसरी गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवली आहे.