ट्रॅक्टरचा ब्रेक का सुटतो?

उसाने भरलेली ट्रॉली घाट उतरविताना ब्रेक लागेनासा होतो, अशी तक्रार शेतकरी बंधू वारंवार करतात. ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो; वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट. बिडाची तबकडी ही उष्णता बरीच सामावून घेते. परंतु तिच्यावर घासणारे अस्तर बहुधा राळेने बांधलेले असते. ते फार तापले की पकड सुटते. कोरड्या ब्रेकच्या अस्तरास तेल लागल्यासही तीच गत. तेलात बुडालेल्या तबकड्यांचे अस्तर मात्र तेलासाठीच बनविलेले असते. तेथे कारखान्याने सांगितलेलेच तेल घालावे, स्वस्ताचा मोह धरू नये. उतारापूर्वीच खालचा गिअर घ्यावा व दोन्ही पेडल खिटीने जोडावीत. अस्तराची धूळ फुंकू नये. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते.