बंब गेला, गीझर गेला. पण बिल का उतरेना?

मैत्रिणींनो, दौंडची थंडी काही महाबळेश्वरची नव्हे. तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चावतं. दुपारी मात्र याच गावात अंगावर स्वेटर ठेववत नाही. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आमच्या घरी माणसं पाच. ह्यांची नोकरी रेल्वेत गार्डची. (आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं, पण घरात अजून गार्डच!) मालगाडी घेऊन गेलेला माणूस रात्री दोनला परतेल की सकाळी नऊला, हे कोणी सांगावं? म्हणून ऊन पाणी केव्हाही तयार हवं. सासूबाईंच्या वेळी मोरीत तांब्याचा बंब असे. तुराट्या, भुसा, मिळेल ते त्याच्या पोटात जाई. मग गीझर आला आणि धूर गेला, पण हिवाळ्यात बिल पाहून छातीत धस्स व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी धीर करून दोनशे लिटर टाकीचा हीट पंप घेतला. “वहिनी, गीझरच्या एक-तृतीयांश विजेत काम होईल,” असं दुकानदार म्हणाला. जानेवारीचं बिल आलं ते जसंच्या तसं! ह्यांनी काही बोलून दाखवलं नाही, पण एवढे पैसे घालायचा हट्ट माझाच होता ना.

आधी हे यंत्र करतं काय ते सांगते. फ्रिज आतली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून त्याच्या मागची किंवा बाजूची भिंत गरम लागते. हीट पंप तेच काम करतो, फक्त उष्णता बाहेरच्या हवेतून घेऊन टाकीतल्या पाण्याला देतो. वीज लागते ती उष्णता वाहून आणायला, निर्माण करायला नव्हे. कल्पना काही आजची नाही. लॉर्ड केल्विन यांनी ती १८५२ सालीच मांडली होती.

आता हिशेब. एका युनिटात ८६० किलोकॅलरी उष्णता असते. दोनशे लिटर पाणी २० अंशांवरून ५० वर न्यायला ६,००० किलोकॅलरी, म्हणजे सात युनिटं लागतात. टाकी उभ्या उभ्या निवते, त्याचं एखादं युनिट धरा. गीझरला ही आठच्या आठ युनिटं विजेतून द्यावी लागतात. हीट पंपाला सुमारे तीन पुरायला हवीत.

मी वायरमनकडून पंपापुरता वेगळा छोटा मीटर बसवून घेतला आणि रोजचा आकडा दुधाच्या कॅलेंडरवर मांडू लागले. रोज आठ! तीन नाहीत, चार नाहीत, अगदी गीझरइतकी आठ. आकडा बरोबर आठच यावा, यातच सगळं आलं.

एका पहाटे शाल गुंडाळून बाहेरच्या पेटीसमोर जाऊन उभी राहिले. पंप चालू असला की तिच्या पंख्यातून आजूबाजूच्या हवेपेक्षा गार वारा यायला हवा. पंखा ढिम्म! आणि आत पाणी तर तापत होतं. अशा टाकीत अडीअडचणीसाठी साधी हीटरची कॉइलही असते. बसवणाऱ्याने ती कायमची चालू ठेवली होती आणि तिचा अंश पंपाच्या वर लावला होता. पाणी जरा निवलं की कॉइलच आधी धावायची, पंपावर पाळी येतच नव्हती. पुस्तिका काढली, कॉइल बंद केली. दुसऱ्या दिवशी आकडा सव्वातीन!

पुढची युक्ती दौंडच्या उन्हाने सुचवली. हवा जितकी गार आणि पाणी जितकं कडक हवं, तितका पंपाला चढ जास्त. डोक्यावर हंडा घेऊन दहा पायऱ्या चढणं वेगळं आणि वीस वेगळं. नॉर्वे-स्वीडनसारख्या देशांत बाहेरच्या नळ्यांवर बर्फ धरतं आणि ते वितळवायलाही वीज जाते. आपल्याकडे तो प्रश्नच नाही. मग दहा अंशांच्या पहाटे यंत्राला का राबवायचं? टायमर दुपारी एक ते चार लावला. आकडा पावणेतीनवर आला. आदल्या दुपारचं पाणी पहाटे चांगलं ऊन असतं. टाकीला जाड वेष्टन असतं ना. शिवाय स्मार्ट मीटरवाल्या घरांना २०२५ पासून दिवसाच्या विजेवर सवलत लागू झाली, तीही आपल्या बिलावर पाहून घ्या.

आमच्या घरचा बाकीचा खप महिन्याला ११० युनिटांच्या आसपास. त्यात पाण्याची २४० मिळवली की तीनशेची पायरी ओलांडली जाई आणि वरच्या प्रत्येक युनिटाला महाग दर पडे. आता सगळं मिळून दोनशेच्या आत राहतं.

पाणी पासष्ट अंशांवर तापवून पुन्हा गार पाणी मिसळण्यात अर्थ नाही, पन्नास पुष्कळ झालं. आठवड्यातून एकदा मात्र साठपर्यंत न्या, कारण कोमट पाण्याच्या टाकीत रोगजंतू वाढू शकतात. त्या दिवशी लहान मुलांना नळाशी एकटं सोडू नका. पाणी बोअरचं असेल तर टाकीत क्षार साचतात, वर्षातून एकदा साफ करून घ्या.

आणि सगळ्यांनीच पंप घ्यावा असं मी म्हणणार नाही. स्वतःची गच्ची असेल तर सौर बंब पहिला. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन स्वच्छ पडतं आणि त्याला वीज जवळजवळ लागतच नाही. आमची गच्ची सामाईक, तिथे जागेवरून आधीच कुरबूर, म्हणून पंप. दोघांच्या घराला तर छोटा गीझरच बरा, पंपाची किंमत वसूल व्हायला फार वर्षं लागतील. घेतलाच, तर बसवणारा माणूस दाराबाहेर पडण्याआधी त्याला विचारा: “कॉइल चालू आहे की बंद?” आणि पंख्यासमोर हात धरून पाहा.