माणा : वाटेवरचे गाव

बदरीनारायणाचे दर्शन झाले की यात्रेकरूच्या मनात परतीचे विचार सुरू होतात. तरीही 'एवढे आलोच आहोत, तर' असे म्हणून पुष्कळजण तेथून सुमारे तीन किलोमीटरांवर असलेल्या माणा गावी जाऊन येतात. व्यासगुंफा, गणेशगुंफा आणि भीमपूल एवढे पाहावयाचे, 'शेवटचे दुकान' अशी पाटी असलेल्या ठिकाणी चहा घ्यावयाचा आणि तास-दीड तासात परतावयाचे, असा हा कार्यक्रम असतो. मीही पहिल्या खेपेस एवढेच केले होते. दुसऱ्या खेपेस मात्र येथे सबंध दिवस काढला, आणि पहिल्या वेळी आपण माणा पाहिलेच नव्हते असे माझ्या ध्यानात आले.

समुद्रसपाटीपासून सुमारे 3,200 मीटर उंचीवर, उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात हे गाव वसले आहे. दगडी भिंतींची, एकमेकांना बिलगून असलेली घरे, त्यांमधून चढत जाणारी फरसबंद पाऊलवाट, आणि घरांच्या आसपास बटाट्याची व कोबीची लहान लहान वावरे. उंबरठ्यावर बसून स्त्रिया टकळीवर लोकर कातीत असतात. हातांनी विणलेल्या टोप्या, शाली, आसने आणि गालिचे त्यांनी समोर विक्रीस मांडलेले असतात. येथील रहिवासी मारछा या नावाने ओळखले जाणारे भोटिया. 1967 सालापासून भोटियांची गणना अनुसूचित जमातींत होते.

गणेशगुंफा आणि व्यासगुंफा गावाच्या वरच्या अंगास आहेत. व्यासांनी महाभारत सांगितले आणि गणेशाने ते लिहून घेतले, ही कथा येथे या दोन गुंफांच्या रूपाने उभी आहे. व्यासगुंफेवरील खडकाचे थर पोथीच्या पानांसारखे एकावर एक रचलेले दिसतात, म्हणून त्या शिळेस व्यासपोथी म्हणतात. श्रीगणेशायनमः लिहून विद्येचा आरंभ करणाऱ्या मराठी माणसास येथे क्षणभर थांबावेसे वाटले, तर नवल नाही. जवळच सरस्वती नदी खडकांच्या चिरेतून प्रचंड घोष करीत बाहेर पडते. तिच्यावर आडवी पडलेली अजस्र शिळा म्हणजे भीमपूल. द्रौपदीस नदी ओलांडता यावी म्हणून भीमाने ती टाकली, असे सांगतात. थोड्याच अंतरावर सरस्वती अलकनंदेस मिळते. त्या संगमास केशवप्रयाग असे नाव आहे.

येथून बहुतेक लोक मागे वळतात. परंतु भीमपूल ओलांडून पुढे जाणारी वाट सुमारे पाच किलोमीटरांवरील वसुधारा धबधब्यापर्यंत पोहोचविते. उंच कड्यावरून येणारी ती धार वाऱ्याने विस्कटून जाते. तिचे तुषार पापी माणसाच्या अंगावर पडत नाहीत, असा समज आहे. वाऱ्याने दिशा बदलली म्हणजे पुण्यवंतांची यादीही बदलते, हे मी तेथे पाहिले. या वाटेवर विरळ हवेमुळे धाप लागते. म्हणून आदली रात्र बदरीनाथास काढावी, सकाळी लवकर निघावे, सावकाश चालावे आणि दुपार कलण्यापूर्वी परतावे. याच खोऱ्यात आणखी वर सतोपंथ आणि भगीरथ खरक या हिमनद्यांच्या मुखाशी अलकनंदेचा उगम आहे. त्यापुढील सतोपंथ सरोवराची वाट मात्र परवाना आणि वाटाड्या घेतल्यावाचून धरू नये.

ही झाली स्थळांची ओळख. परंतु माणा समजावयाचे असेल, तर दुसऱ्या एका वाटेकडे पाहिले पाहिजे. सरस्वतीच्या काठाने उत्तरेस जाणारी ती वाट सुमारे 5,600 मीटर उंचीच्या माणा खिंडीतून तिबेटात उतरते. अँतोनियो दे आंद्रादे हा पोर्तुगीज जेझुइट पाद्री 1624 साली आग्र्याहून बदरीनाथाच्या यात्रेकरूंबरोबर निघाला आणि याच मार्गाने तिबेटातील त्सापारांगला पोहोचला. पुढे 1634 साली गोव्यात त्याचा अंत झाला. भोटियांना तर ही वाट अंगणासारखी परिचयाची होती. उन्हाळ्यात ते खालचे धान्य, गूळ आणि कापड वर नेत आणि तिबेटातून मीठ, टाकणखार व लोकर आणीत. मेंढ्याबकऱ्यांच्या पाठीवर लहान लहान पिशव्या लादून हा सारा व्यवहार चाले.

1954 साली भारत आणि चीन यांच्यात तिबेटच्या व्यापारासंबंधी जो करार झाला, त्यात व्यापारी व यात्रेकरूंसाठी सहा खिंडी नमूद केल्या होत्या. माणा खिंड त्यांपैकी एक. त्या कराराची मुदत 1962 च्या जूनमध्ये संपली आणि ऑक्टोबरात युद्ध झाले. वाट बंद पडली. ज्या गावास दोन बाजारपेठांच्या मध्ये असल्यामुळे महत्त्व होते, ते गाव एकाएकी रस्त्याच्या टोकाचे गाव झाले.

मी एका वृद्ध बाईंकडून टोपी घेत होतो. बोलता बोलता सहज विचारले, "माताजी, हे शेवटचे गाव ना?" टकळी न थांबविता त्या हिंदीत म्हणाल्या, "बेटा, माझे सासरे मीठ आणायला जात, तेव्हा येथे अर्धीसुद्धा वाट होत नसे." सरकारी नोकरीत माझी वीस वर्षे नकाशे आणि नोंदवह्या पाहण्यात गेली आहेत. सीमेवरील गाव म्हणजे कागदाची कड, असे मीही नकळत धरून चाललो होतो. त्या उत्तरापुढे मला काही बोलता आले नाही.

व्यापार गेला तरी बदरीनाथाशी असलेले गावाचे नाते टिकून आहे. घंटाकर्ण हे गावाचे दैवत. भाद्रपदात वामनद्वादशीस माणाजवळच्या माता मूर्ती मंदिरात जत्रा भरते आणि बदरीनाथाहून उद्धवाची मूर्ती तेथे मातेच्या भेटीस येते. नोव्हेंबरात मंदिराची दारे मिटतात, त्या वेळी माणाच्या कन्यांनी विणलेले लोकरी कांबळे तुपात भिजवून देवास पांघरविले जाते. सहा महिन्यांनी दारे उघडली म्हणजे त्याच घृतकंबलाचा प्रसाद भक्तांना मिळतो. देवाची हिवाळ्याची ऊब गावातील मुलींच्या हातून येते. त्यानंतर गावकरीही घरांना कुलपे लावून चमोली-गोपेश्वरच्या बाजूस उतरतात आणि वसंतात पुन्हा वर येतात.

हिवाळ्यात खाली जाणे हे येथे शहाणपणाचे आहे. 28 फेब्रुवारी 2025 रोजी माणाजवळ रस्त्याच्या कामावरील मजुरांच्या तळावर हिमकडा कोसळला आणि आठ जणांचा मृत्यू झाला. आपली मोटार ज्या रस्त्याने सुखाने जाते, तो अशा माणसांच्या श्रमाने उघडा राहतो.

2023 साली गावाच्या वेशीवर सीमा सडक संघटनेने 'भारताचे पहिले गाव' असा फलक लावला. पूर्वी 'शेवटचे' म्हणत, आता 'पहिले' म्हणतात. हा पालट चांगलाच आहे. परंतु गावाचे भवितव्य फलकावर अवलंबून नाही. खाली गेलेली मुले वसंतात परत येतात की नाही, आणि वर आल्यावर त्यांच्या हातच्या लोकरीस योग्य मोल मिळते की नाही, यावर ते ठरावयाचे आहे. तेव्हा मे-जूनमध्ये किंवा पावसाळा सरल्यावर आपण बदरीनाथास जाल, तर एक दिवस माणासाठी राखून ठेवा. वसुधारेपर्यंत चाला. परतताना एखाद्या उंबरठ्यावर थांबून टोपी घ्या, आणि भाव करण्याआधी ती विणावयास किती दिवस लागले, हे विचारा.