घरातील छुपी पाणीगळती : उगम कसा शोधावा

भिंतीला ओल दिसली की तेथेच फोडतोड करण्याची रीत आहे. परंतु ओल दिसते तेथेच गळती असते असे नाही. पाणी उताराने व नळाच्या कडेने वाट काढीत दूर जाते आणि मग प्रकट होते. म्हणून हातोडा उचलण्यापूर्वी उगम शोधणे इष्ट होय. शाळेची टाकी घेऊन हा शोध वरच्या वर्गातील मुलांकडून करवून घेता येईल.

प्रथम ओलीचा काळ पाहावा. केवळ पावसाळ्यात येणारी ओल बहुधा छपराची वा भिंतीची असते. बारमाही ओल नळाची असण्याचा संभव अधिक.

नंतर टाकीची परीक्षा करावी. सायंकाळी टाकीत पाणी येणे थांबल्यावर बुडाशी असलेली झडप बंद करावी, काठी बुडवून पाण्याची उंची मोजावी व सकाळी पुन्हा मोजावी. पाणी उतरले तर दोष टाकीतच आहे. न उतरल्यास दुसऱ्या रात्री झडप उघडी ठेवून सर्व तोट्या बंद कराव्यात. आता पाणी उतरले तर गळती पुढील नळांत आहे. मग एकेक शाखा बंद करून मोजीत गेल्यास दोषाची जागा आपोआप आकुंचित होते.

या मापनात गणिताचा उत्तम पाठ आहे. १ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पाणी १ सेंटिमीटर उतरले म्हणजे सुमारे ७.८५ लिटर पाणी गेले. ७ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ५५ लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील एका माणसाच्या दिवसासाठी इतकेच पाणी धरले आहे!

टाकीपूर्वीच्या नळाची परीक्षा पाणी येण्याच्या वेळी करावी. टाकीचे तोंड बंद असताही मीटर फिरत असेल, तर मधल्या नळात छिद्र आहे असे समजावे. कोरडी काठी नळाला टेकवून दुसरे टोक कानाशी धरल्यास सळसळही ऐकू येते.

या छिद्राची उपेक्षा करू नये. पाणी बंद होताच नळातील दाब नाहीसा होतो व भोवतालचे गटाराचे पाणी त्याच छिद्रातून आत शिरू शकते. अतिसार, विषमज्वर व कावीळ यांचा प्रसार अशा पाण्यातून होतो. सबब, दुरुस्ती होईपर्यंत पिण्याचे पाणी उकळून घ्यावे, आणि गळती रस्त्यावरील नळात असल्यास ग्रामपंचायतीस विनाविलंब कळवावे.